हळद, खोबरेल आणि म्युनिकचं जड पाणी

इकडे पाहुणे दोन दिवसांसाठी येत नाहीत. शेंगेन व्हिसा १८० दिवसांत ९० दिवस राहू देतो, आणि एवढं तिकीट काढून आलोच आहोत तर ते पुरेपूर वसूल करायचं, हा आपला सरळ हिशोब. एप्रिलअखेर आई-बाबा उतरतात, जुलैत परत जातात. मध्येच एखादे काका-काकू पॅरिस-स्वित्झर्लंडची टूर उरकून चार दिवस टेकायला येतात. घर दोन खोल्यांचं. बैठकीतला सोफा रात्री पलंग होतो, सकाळी पुन्हा सोफा. त्यामुळे पाहुण्यांच्या चादरी, खोळी, अभ्रे आणि टॉवेल हे काम आमच्याकडे उन्हाळाभर चालतं, आणि ते माझ्याकडे आहे.

पाहुणे आपले, म्हणून डागही आपलेच. वरण, खोबरेल, चहा, बाम, केसांचा कलप. इथल्या डाग काढायच्या बाटल्यांवर रेड वाइन, चॉकलेट आणि गवताची चित्रं असतात. फोडणीचं चित्र अजून कुठल्या बाटलीवर पाहिलेलं नाही.

आधी पाण्याचं सांगतो, कारण निम्मी भानगड तिथे आहे. म्युनिकचं पाणी चवीला सुंदर. १८८३ पासून ते मांगफाल खोऱ्यातून, आल्प्सच्या पायथ्याकडून येतं आणि म्युनिककरांना त्याचा फार अभिमान. पण ते चुनखडीतून झिरपून येतं, म्हणून जड. पाण्याच्या जडपणाच्या जर्मन मापाने १४ अंशांच्या वरचं पाणी जड समजतात आणि आमचं त्या वर्गात बसतं. गावी ज्यांनी बोअरच्या पाण्यात कपडे धुतले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको: साबणाला फेस येत नाही, पांढरे कपडे करडे पडतात आणि टॉवेल अंगाला खरवडतो. इथल्या पावडरच्या खोक्यामागे एक तक्ता छापलेला असतो. पाणी मऊ, मध्यम की जड, आणि कपडे किती मळलेले, हे बघून किती मिलीलिटर पावडर घालायची ते त्यात दिलेलं असतं. नव्याने आलेली मंडळी हा तक्ता वाचत नाहीत, अंदाजाने टाकतात. कमी पडली की चुना कापडात बसतो. जास्त झाली तर पुढून दार असलेलं मशीन पाणी इतकं बेताने घेतं की ती नीट खळबळून निघत नाही, आणि चादरीला आठवडाभरात चिकट, कुबट वास येऊ लागतो. मग तो वास झाकायला सुवासिक सॉफ्टनर. टॉवेलना तर सॉफ्टनर घालूच नये असं माझं ठाम मत आहे. धाग्यावर थर बसतो आणि टॉवेल पाणी टिपायचं सोडून नुसतं अंगभर फिरवतो.

पावडरचे मुख्य प्रकार दोन. रंगीत कपड्यांची, आणि 'फोलवाशमिटेल' म्हणतात ती सगळ्या कामाची. दुसरीत ऑक्सिजनवालं ब्लीच असतं, पण ते कोरड्या पावडरीतच. त्याच नावाच्या द्रवाच्या बाटलीत नसतं, कारण द्रवात ते टिकत नाही. दुकानात दोन्ही शेजारीशेजारी ठेवलेली असतात आणि बाटली ओतायला सोपी म्हणून लोक बाटली उचलतात. चहाचा डाग मग महिनोन्महिने तिथेच.

म्हणून पाहुण्यांसाठी मी पांढरंच सुती कापड घेतो. आईला हे अजून पटलेलं नाही. "अरे, पाहुण्यांना कुणी पांढऱ्या चादरी घालतं का? गडद, नक्षीची घे, डाग दिसणार नाही." डाग दिसत नाही, पण असतो ना! गडद रंगाची खोळ मी ब्लीचवाल्या पावडरीत ६० अंशांवर बिनधास्त टाकू शकत नाही. पांढरी टाकता येते. हॉटेलवाले उगीच पांढऱ्या चादरी वापरत नाहीत. फक्त शुभ्र पांढरं घ्यावं, मोतिया किंवा फिकट बदामी नको. या पावडरीत आपल्या निळीचं काम करणारी रसायनं असतात आणि त्यांनी फिकट रंग कुठे उजळतो, कुठे तसाच राहतो.

तापमानाबद्दल इथल्या मित्रमंडळींत वाद होतात. वीज वाचवा, ३० अंशांवर धुवा, असं सगळे सांगतात आणि रोजच्या कपड्यांना ते योग्यच आहे. मशीनची बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते. पण उशीच्या अभ्र्यावर खोबरेल असेल तर? खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. म्युनिकच्या हिवाळ्यात ते बाटलीत पांढरं दगड होऊन बसतं, तसंच ते कापडातही बसतं. गार पाण्याने ते हलत नाही, कोमट पाण्याने पसरतं. ते राहिलं की काही आठवड्यांत अभ्रा मध्यभागी पिवळा पडतो आणि खवट वास मारतो. माझी पद्धत अशी: डोक्याच्या जागी भांडी घासायचं लिक्विड थेंबभर लावून बोटांनी चोळायचं, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, मग ६० अंश. सगळं तेल गेलंय याची खात्री होईपर्यंत तो अभ्रा ड्रायरमध्ये टाकायचा नाही. तेलकट कापड ड्रायरच्या उष्णतेत पेट घेऊ शकतं, हे मशीनच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. ६० अंशांना धुळीतले सूक्ष्म किडेही मरतात, हा वरचा फायदा. एक मात्र बघा: २०२१ पासून युरोपातल्या नव्या मशीनवर 'इको ४०-६०' असं एक बटण असतं. ते तीन-साडेतीन तास चालतं, पण पाणी ६० अंशांपर्यंत जाईलच असं नाही. खरे ६० हवे असतील तर साधा कॉटनचा कार्यक्रम निवडावा.

चिकट डागांसाठी इथल्या आज्यांचा हुकमी एक्का म्हणजे 'गालझाइफे'. हा बैलाच्या पित्ताचा साबण. पित्त पोटात चरबी फोडतं, तेच काम कापडावर करतं. खरोखर गुणकारी आहे. बाथरूममधली वडी उचलून आईने वास घेतला आणि "हा कसला रे?" असं विचारलं. मी सांगितलं. तिने वडी जागेवर ठेवली, हात दोनदा धुतले आणि त्या दिवसापासून आमच्याकडे भांड्यांचं लिक्विडच चालतं. काम जवळजवळ तेवढंच होतं.

आता हळद. हिला साबण लावला की ती लाल होते. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, पण ज्यांच्या घरी हळदीला चुन्याची निवळी देऊन कुंकू केलेलं आहे त्यांना यात नवल नाही. साबण, सोडा, पावडर, सगळं अल्कलीच. डाग वाढलेला नसतो, फक्त रंग बदलतो. धुऊन निघालं की पुन्हा पिवळा. पण पिवळा राहतोच. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून आधी तेल काढायचं, वर सांगितलं तसं. मग ऑक्सिजन ब्लीचच्या कोमट पाण्यात तासभर भिजत घालून ६० अंशांवर धुणं. तरी फिकट पिवळी छटा उरते. तिच्यावर खरा उपाय ऊन. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. ओली चादर, डाग उन्हाकडे करून, दुपारभर वाळत घातली की संध्याकाळी शोधावा लागतो. आपल्याकडे दोरीवर हे आपोआप होतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. नोव्हेंबरच्या म्युनिकमध्ये मात्र दुपारी साडेचारलाच दिवे लागतात. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीत, काचेला लागून टांगायची. काचेतूनही काम होतं, फक्त दिवस लागतात.

जर्मन लोकही एकेकाळी हेच करत. ओल्या चादरी गवतावर पसरायच्या, वरून पाणी शिंपडत राहायचं आणि उन्हाने पांढऱ्या करायच्या. १९०७ साली ड्युसेलडॉर्फच्या हेन्केल कंपनीने पेर्सिल आणलं, त्यात हे ब्लीच पावडरीतच घातलेलं होतं, आणि गवतावरचं पसरणं हळूहळू संपलं. हळद सोडून बाकी सगळ्यासाठी ते ठीकच झालं म्हणायचं.

रक्त, दूध, अंडं यांना आधी गरम पाणी अजिबात नाही, प्रथिनं शिजून धाग्यात बसतात. आधी गार पाणी, मग एन्झाइमवाली पावडर. हेही इथलंच शहाणपण: डार्मश्टाटच्या ऑटो र्‍योमने १९१३ मध्ये धुलाईत एन्झाइम वापरण्याचं पेटंट घेतलं होतं. मेंदी आणि कलप यांच्यापुढे मात्र हात टेकावेत. काकू केसांना काही लावणार असतील तर न बोलता गडद तपकिरी टॉवेल पुढे करतो. दिवाळीच्या अभ्यंगाचे पंचेही वेगळेच ठेवलेत.

धुताना एक काळजी. इथे पांघरूण म्हणजे १३५ बाय २०० सेंटिमीटरची दुलई, नवरा-बायकोला वेगवेगळी, आणि तिला बटणांची खोळ. उशा ८० बाय ८०, चौकोनी, आपल्या लोकांना कायम जास्त मोठ्या वाटणाऱ्या. खोळ उलटी करून बटणं लावूनच मशीनमध्ये टाकावी. उघडी टाकली तर ती फिरता फिरता अभ्रे, मोजे, हातरुमाल सगळं पोटात घेते. शेवटी आतल्या कोपऱ्यात एक ओला गोळा सापडतो, त्यातल्या अभ्र्याला पावडर शिवलेलीही नसते. ड्रम गच्च भरायचा नाही, वर हाताचा पंजा जाईल एवढी जागा हवी.

वाळवणं ही हिवाळ्यातली खरी कसरत. घरात स्टँडवर चार चादरी टाकल्या की बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी धरते आणि मग घरमालकाचं पत्र येतं. खिडक्या किलकिल्या न ठेवता दहा मिनिटं सताड उघडायच्या, दिवसातून दोन-तीनदा, हीटर बंद करून. आमच्या इमारतीत तळघरात वाळवायची खोली आहे; पाळीचा कागद दारावर असतो आणि रविवारी तिथे शांतता पाळायची असते. कडाक्याच्या थंडीत चादर बाल्कनीतही वाळते. आधी पापडासारखी कडक होते, मग बर्फ थेट हवेत उडून जातो. फक्त गोठलेली असताना दुमडायची नाही. आल्प्सवरून फ्योन हा उबदार, कोरडा वारा सुटला तर काय, तासाभरात सगळं कोरडं. निम्म्या गावाचं त्या वाऱ्याने डोकं दुखतं, मी मात्र धुणं काढतो.

मे महिन्यात झाडांचे पराग उडतात, बाल्कनीच्या कठड्यावर पिवळी पूड साचते. त्या आठवड्यांत पाहुण्यांच्या चादरी बाहेर नकोत, शिंका सुरू होतात. पराग पडलेच तर ओल्या हाताने पुसायचे नाहीत. झटकायचे, उरलेले चिकटपट्टीने उचलायचे.

एवढं करून कपाटातल्या चादरींना वास येत असेल तर त्या पूर्ण वाळलेल्या नव्हत्या. इस्त्रीनंतरची वाफ जायला तासभर उघड्या ठेवाव्यात, मगच घडी. एका पलंगाची चादर, खोळ आणि दुसरा अभ्रा मिळून पहिल्या अभ्र्यात घालून ठेवतो. ८० बाय ८० मध्ये अख्खा संच मावतो आणि रात्री अकराला विमानतळावरून आल्यावर शोधाशोध होत नाही. इथे कपाटात लव्हेंडरच्या पुरचुंड्या ठेवतात. आमच्या कपाटात आईने आणलेल्या वाळ्याच्या मुळ्या आहेत आणि शेजारच्या फ्राउ अजून विचारतात की हा कुठला परफ्यूम.

पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर 'मोल्टन' घ्या. गादीवर चादरीखाली घालायचं जाड, मऊ सुती आवरण. चहा सांडला तरी गादी वाचते, आणि ते ६० अंशांवर, काही तर ९५ वरही धुता येतं. दोन घ्या. एक कायम धुण्यात असतं.