वीसपैकी किती, ते सांगा!

विज्ञानाची लेखी परीक्षा कमी करायची आणि मुलांना प्रयोग, नोंदवही, तोंडी प्रश्न यांवरून जोखायचं, या कामात मी एका शाळेला मदत करत होते. शिक्षक तयार झाले, मुलं तर खूशच. पालकसभाही वाटली होती तेवढी तापली नाही. अडलं ते गुणतक्त्याच्या एका रकान्यात.

विज्ञानापुढे एकच चौकट: 20 पैकी गुण. आमचे निकष चार (अंदाज, मांडणी, नोंदी, निष्कर्ष) आणि प्रत्येकाला 1 ते 4. म्हणजे जास्तीत जास्त 16. "वीसपैकी किती, ते सांगा," कार्यालयातले क्लार्क म्हणाले. मी निकषांचा तक्ता पुढे केला. त्यांनी तो उलटून मागे काही लिहिलंय का तेवढं पाहिलं आणि सरळ सगळ्या बेरजा सव्वापट केल्या. झालं! ज्याने लंबकाच्या प्रयोगात दोऱ्याला गाठसुद्धा मारली नव्हती, त्याचेही 4 चे 5 झाले, म्हणजे 25 टक्के. मुख्याध्यापकांनी मलाच बोलावलं. "बाई, काहीच न करता पाव हिस्सा गुण?" तीन आठवडे मी कार्यालयाला नावं ठेवत फिरले. श्रेणी शून्यापासून सुरू करायला हवी होती, हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नाही.

शेवटी 0 ते 4 केलं आणि 20 जुळवायला 'स्वतःचं काम तपासणं' हा पाचवा निकष घातला. खरं तर निव्वळ भरती. पण एका मुलाच्या वहीत मीटरभर दोऱ्याच्या लंबकाची नोंद होती: "गोळी जड केली तरी 10 झोक्यांना 20 सेकंदच. माझं चुकलं असेल. परत केलं. परत 20." त्याला या पाचव्या निकषात पूर्ण 4 दिले.

हो, आणि असे निकष वापरण्याआधी एकच वही दोन शिक्षकांना वेगवेगळी तपासायला द्या. आमच्याकडे एकाने 1 दिला, दुसऱ्याने 3, कारण निकषात 'निष्कर्ष बरा' असं लिहिलं होतं. त्याऐवजी 'एका वेळी एकच गोष्ट बदलली' असं डोळ्यांना दिसेल ते लिहा.

वहीत मात्र शेराच लिहा, आकडा नको. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांच्या 1988 च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली. शेऱ्यासोबत गुणही दिले, तिथे तो फायदा दिसला नाही.

पुढच्या शाळेत मी शहाणपणाने आधी कार्यालयात जाऊन कोरा गुणतक्ता मागितला. रकाना 25 चा निघाला.