अक्षर मोठं करता आलं पाहिजे

छापील पुस्तक की ई-बुक हा विषय निघाला की लगेच कोऱ्या पानांचा वास वगैरे सुरू होतं. वास मलाही आवडतो, पण आमच्या घरात हा प्रश्न डोळ्यांचा आहे.

आई सत्तरीच्या पुढची, सार्वजनिक वाचनालयाची जुनी सभासद (१८४० सालचं आमचं सावाना, नाशिककरांना वेगळं सांगायला नको). वाचायची हौस तीच आहे, पण बारीक टाइप आता दिसत नाही, भिंग धरून दोन पानं झाली की डोळ्यांतून पाणी. म्हणून तिला किंडल, म्हणजे ई-बुक वाचायचं यंत्र, आणून दिलं. अक्षर एवढं मोठं केलं की एका पानावर आठ-दहाच ओळी मावतात, आणि त्याचा स्क्रीन मोबाइलसारखा डोळ्यांवर उजेड मारत नाही, त्यामुळे बाई रात्री अकरा-अकरापर्यंत वाचत बसते.

अडतंय कुठे, तर तिला हवी ती पुस्तकंच नीट मिळत नाहीत. २०१६ च्या शेवटी किंडलवर मराठी आलं, नवीन बरंच काही मिळतं, पण जुनं शोधायला गेलं की हाती येते स्कॅन केलेली पीडीएफ. म्हणजे पानाचा फोटोच. मोठं करायला जावं तर ओळ स्क्रीनच्या बाहेर, मग प्रत्येक ओळीला डावीकडे-उजवीकडे सरकवत बसा. मधल्या काळात पुस्तकं डीटीपीवर, म्हणजे संगणकावर जुळवून झाली खरी, पण ती युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांवर अक्षरं सारखीच ओळखली जातात ती पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये, त्या फाइली सरळ उघडत नाहीत आणि कन्व्हर्ट केल्या तर रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, ‘कार्यक्रम’चं ‘कायर्क्रम’ होतं. परत कुणीतरी ओळन् ओळ तपासायची म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही, हे कळतं मला. तरी हे काम व्हायलाच हवं असं माझं ठाम मत आहे, कारण मराठीचे सगळ्यात निष्ठावान वाचक आज याच वयाचे आहेत.

आणि हो, कागद सोडा असं मी अजिबात म्हणत नाहीये. आईने वाचलेलं पुस्तक खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जातं, तिथून पंचवटीत मावशीकडे, कधी कधी सिन्नरला पोचतं. विकत घेतलेलं ई-बुक असं देता येत नाही, कारण आपल्याला मिळतो तो फक्त वाचायचा परवाना. २००९ मध्ये हक्कांच्या भानगडीवरून अॅमेझॉनने ऑर्वेलचं ‘१९८४’ लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतलं होतं, पैसे परत दिले, पुढे पुस्तकही परत देऊ केलं, पण न विचारता नेलं ते नेलंच. कपाटातलं पुस्तक असं कोण नेणार? कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाच्या पुस्तकांच्या पेट्या फिरतात त्यासुद्धा कागदाच्याच जोरावर.

त्यामुळे प्रकाशकांकडे मागणं एवढंच, की पुस्तक छापा आणि त्याच दिवशी नीट युनिकोडमधली ई-आवृत्तीही काढा. मी तर आता दुकानात किंमत विचारायच्या आधी हेच विचारते.