मुलं, हळदीचा सीझन आणि माझी सतार

परवा आमच्या दुकानातल्या एकीनं विचारलं, तू एवढ्या सगळ्यात सतारीला वेळ कुठनं काढतेस गं. तेव्हा समोर शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबासाठी थांबलेले, त्यामुळं तिला नीट सांगता आलं नाही. पण हा प्रश्न मला बऱ्याच जणी विचारतात आणि विचारताना त्यांच्या स्वतःच्या मनात काहीतरी सुटलेलं असतं हे कळतं, कुणाचं पोहणं, कुणाचं चित्र काढणं, एकीचं तर कथ्थक. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

माझं माहेर मिरज, सासर सांगली, विश्रामबागला राहतो. मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात अकाउंट्स बघते. मुलगी चौथीत, मुलगा सीनियर केजीत, ह्यांची कुपवाड एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी, घरात सासूबाई. लग्नाआधी मी सतार शिकत होते, गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण ही परीक्षा झालेली, त्यापुढच्या विशारदची तयारी चाललेली. मग नोकरी लागली, लग्न झालं, दोन बाळंतपणं. एक गोष्ट मुद्दाम सांगते, मला कुणीही सतार बंद कर म्हणालं नाही. सासरी उलट कौतुकच होतं. फक्त रोजच्या यादीत तिचा नंबरच लागायचा नाही. बाळाचं दूध, दुकान, डबे, आजारपणं, पाहुणे, आणि मग रात्र. सतार माहेरी माडीवर गवसणीत राहिली ती राहिलीच.

मिरजेत वाढलेल्या माणसाला गाणंबजावणं ही काही मोठी वेगळी गोष्ट वाटत नाही. माझे सर नेहमी सांगायचे, विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे, ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं मिरजेत शिकले आणि 1901 साली तिकडं लांब लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि तुम्ही पोरं गल्लीतून क्लासला यायचा कंटाळा करता. मिरजेत राहिलेले मोठे गायक अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांचं नाव तर घरातल्या माणसासारखं घ्यायचे. या सगळ्यात लहानपण गेल्यामुळं असेल, सतार सुटल्यावर नुसता छंद सुटला असं मला कधी वाटलं नाही, माहेरचा एक भागच सुटल्यासारखा वाटायचा, आणि हे कुणाला सांगायचं तरी कसं.

परत सुरू व्हायला कारण झाली मुलगी. तिला गाण्याच्या क्लासला घातलं. आता तुम्ही कुठल्याही क्लासच्या बाहेर बघा, तबला असू दे, स्केटिंग असू दे, अबॅकस असू दे, आईबाप चपलांपाशी नाहीतर जिन्यात मोबाईल घेऊन बसलेले असतात. चांगली शिकलेली, कलाकार माणसं असतात त्यात. मीही बसायचे. आत तंबोरा लागायचा, मुलं यमनाची सरगम म्हणायची आणि माझी डाव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप सतारीचे पडदे, म्हणजे दांडीवरच्या स्वरांच्या पट्ट्या, शोधायची. असंच एकदा क्लासच्या बाईंच्या ते लक्षात आलं. म्हणाल्या, काय वाजवत होता ओ तुम्ही? सतार म्हणलं. मग बाहेर का बसलाय, म्हणाल्या. एवढंच. पण त्या रविवारी मी माहेरी गेले आणि सतार खाली काढली.

अवस्था काय विचारू नका. तारा गंजलेल्या, दोन खुंट्या अडकून बसलेल्या, पडद्यांचे दोरे सैल. आईनं भोपळ्याला धक्का लागू दिला नव्हता तेवढं बरं, कारण भोपळा तडकला की काम फार वाढतं. स्कूटीवरनं न्यायची सोय नाही म्हणून रिक्षानं सतारमेकर गल्लीत नेली, मुलगी बरोबर होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मिरजेत हा धंदा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलाय. फरीदसाहेबांचं नाव पहिलं घेतात, मूळची ही शिकलगार मंडळी, हत्यारांना धार लावणारी, ती वाद्यांकडं वळली, मिरज संस्थानच्या पटवर्धन सरकारांचा आश्रय मिळाला. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा अख्ख्या गावाला आनंद झाला होता. माझी सतार दुरुस्त करणारे चाचा मात्र गप्प माणूस. त्यांनी भोपळ्यावर बोटाच्या सांध्यानं टकटक केलं, दांडीवरनं नजर फिरवली आणि म्हणाले, "लाकूड ठणठणीत आहे ताई. तारा बदलू, जवारी काढू, मग बघा."

जवारी म्हणजे काय ते त्यांनी पोरीला फार छान समजावलं. तारा ज्या घोडीवरनं जातात तिचा वरचा भाग सपाट दिसतो पण अगदी किंचित उतरता असतो, तार त्या उतारावर हलकी घासत कंप पावते म्हणून सतारीचा तो लांब झंकार येतो. वाजवून वाजवून घोडीवर तारांच्या खाचा पडतात आणि आवाज बोदा होतो. मग कानशीनं एकदम थोडं थोडं घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, परत उतरवायची, परत घासायचं. मोजपट्टी नाही, सगळं कानावर. वर छताला वाळलेले मोठे मोठे भोपळे टांगलेले, ते पंढरपूर मंगळवेढा बाजूनं येतात म्हणून सांगितलं. पोरगी तर हरखूनच गेली, भाजीच्या भोपळ्याएवढेच असतील असं तिला वाटलेलं. शेवटी चाचांनी सतार लावून माझ्या हातात दिली आणि म्हणाले वाजवा. दुकानात दोन गिऱ्हाईकं, समोर ते, आणि माझ्या हातून फक्त सा निघाला. पण तो सा ऐकून माझ्या डोळ्यात पाणी आलं हे खरं आहे.

आता खरा मुद्दा. सतार घरी आली, दुरुस्त झाली, म्हणून वाजायला लागली असं होत नाही. पहिले काही आठवडे ती बेडरूममध्ये कपाटाच्या मागं गवसणीत होती, कारण मुलगा सगळीकडं बॉल घेऊन धावतो. आणि सतारीचं असं आहे की ती काढली की वाजवली असं नसतं. वरच्या सहासात तारा, खाली तरफेच्या, म्हणजे वरच्या तारांबरोबर आपोआप घुमणाऱ्या दहाबारा, त्या रागाप्रमाणं लावायच्या. गवसणी काढा, बसायला जागा करा, तारा लावा, यातच वीसेक मिनिटं जातात, आणि आईबापांच्या हातात सलग वेळच तेवढा असतो. म्हणजे लावून होईपर्यंत कुणीतरी हाक मारणार आणि परत गवसणीत. मला तेव्हा लख्ख कळलं की माझी अडचण वेळेची कमी आणि जागेची जास्त आहे. वाद्य डोळ्यासमोर, हाताच्या अंतरावर, लावलेलं असेल तर दहा मिनिटंसुद्धा वाजवता येतं. कपाटामागं असेल तर अख्खी दुपारसुद्धा पुरत नाही.

हे मी जेवताना बोलले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानातून आले तर हॉलमध्ये देवघराच्या बाजूचं त्यांचं शिलाई मशीन सरकवलेलं, तिथं सतरंजी टाकलेली. म्हणाल्या, हिकडं ठेव, भिंतीचा आडोसा आहे, पोरगं येत नाही. त्यांनी तो कोपरा दिला नसता तर मी आज हे लिहीत नसते.

वेळ पण मग त्या कोपऱ्यानंच ठरवली. संध्याकाळी सासूबाई दिवा लावतात, मुलांचं शुभंकरोती होतं, त्यानंतर सिरियल सुरू व्हायच्या आत जो मधला वेळ असतो तो माझा. मुलगी शेजारी होमवर्क करते. मुलाला गप्प बसवणं अवघड होतं, त्याच्याशी ठराव झालाय की मी वाजवत असताना हात लावायचा नाही, पण माझं झालं की तरफेच्या तारांवरनं एकदा बोट फिरवायचं काम त्याचं. एकदाच. तो त्यासाठी थांबतो, आणि इतक्या मनापासून फिरवतो की विचारू नका. ह्यांची फर्स्ट शिफ्ट असेल तर कुकर तेच लावतात. हे मी ठळक सांगते कारण बायकांना सगळे सल्ले देतात की स्वतःसाठी वेळ काढा, पण तो वेळ आकाशातून पडत नसतो, तुमच्या हातातलं एक काम दुसऱ्या कुणीतरी उचलावं लागतं. आमच्या घरात उचललं. तुमच्या घरात उचलत नसतील तर आधी ते बोला, रियाझाचं नंतर बघू.

बोटांचं मात्र कुणी उचलू शकत नाही. पूर्वीचे घट्टे केव्हाच गेलेले, तर्जनी आणि मधलं बोट तारेनं अक्षरशः कापल्यासारखं व्हायचं, दुकानात कीबोर्डवर आकडे मारताना जाणवायचं. रात्री खोबरेल लावायचं आणि दुसऱ्या दिवशी परत बसायचं, हळूहळू कातडी जाड होते, त्याला दुसरा उपाय नाही. गंमत म्हणजे डोक्यात सगळं होतं. मसीतखानी गतीचे, म्हणजे सतारीवरच्या संथ बंदिशीचे बोल, दिर दा दिर दा रा दा दा रा, मी कणीक मळताना म्हणू शकत होते. हात मात्र ऐकत नव्हता. यमनात निषादावरनं षड्जाची मींड, म्हणजे तार ओढून एका स्वरावरनं दुसऱ्यावर जायचं, ती ओढायची तर तार पोचायचीच नाही, सूर खालीच राहायचा. मग गत बाजूला ठेवली आणि मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप काळी एक पट्टीला लावून नुसते पलटे, दा रा दा रा, लहान मुलांना देतात ते स्वरांचे सरावाचे धडे. खूप दिवस तेवढंच केलं. मला ते आवडलं. लहानपणी पलटे म्हणजे शिक्षा वाटायची, आता दिवसभराच्या आकडेमोडीनंतर एकेक स्वर नीट लागतोय का एवढंच बघायचं यात फार बरं वाटतं.

मग हळदीचा सीझन आला. फेब्रुवारीपासून पुढं सौदे सुरू झाले की आमच्याकडं काय असतं ते यार्डातल्या माणसालाच कळेल, पट्ट्या, तोलाई हमाली, पेमेंट, घरी यायला आठ वाजतात. मी आमच्या जुन्या सरांना फोन केला, आता वय झालंय त्यांचं, पण आवाज तोच. म्हणलं सर सगळं परत सुटणार. ते म्हणाले, तेवढे दिवस नुसती लाव आणि ठेव. तारा सुरात लावणं हाच रियाझ समज. मी ते अक्षरशः पाळलं, जेवणानंतर पाच दहा मिनिटं फक्त सतार लावायची. सीझन संपला तेव्हा वेग गेलेला होता पण कान पहिल्यापेक्षा तयार झालेला, जोडीची तार जरा उतरली तरी स्वयंपाकघरातनं कळायला लागलं.

बरेच जण म्हणतात आता विशारदचा फॉर्म भर. एप्रिल मे नाहीतर नोव्हेंबर डिसेंबर, परीक्षा असतातच. मी सध्या भरणार नाहीये. परीक्षा वाईट नाही, मला त्यानंच शिस्त लागली. पण आत्ता माझ्या आयुष्यात तारखेला बांधलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत, जीएसटीपासून पीटीएमपर्यंत, त्यात सतार घालायची नाही. मुलं मोठी झाली की बघू. त्यापेक्षा मुलीला घेऊन मिरजेच्या मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसातल्या संगीत सभेला गेले ते मला जास्त मोलाचं वाटतं. ती अर्ध्या रात्रीत झोपली, पण सकाळी मला विचारत होती की तो भैरव होता ना आई.

सध्या मीही भैरवच घेतलाय. यमनासाठी लावलेले पडदे त्याला चालत नाहीत, रिषभ आणि धैवताचे सरकवून कोमल करावे लागतात, तरफाही परत लावायच्या, त्यामुळं ते काम रविवारी सकाळीच उरकते. सासूबाई आता त्या वेळात शेजारी बसून गोधडीला टाके घालतात, त्यांनीही कितीतरी वर्षांनी सुई हातात घेतलीय.

ज्यांची सतार घरात पडून आहे त्यांनी मिरजेला न्यायची असेल तर पावसाळ्याच्या आधी न्या, दमट हवेत खुंट्या फुगून अडकतात आणि जोर केला तर मोडतात. उन्हाळ्यात उलट त्या घसरतात, त्याला साधा खडू लावला की धरतात. नेताना तारा थोड्या सैल करा, भोपळ्याखाली उशी ठेवा, आणि जवारी काढून झाल्यावर तिथंच बसून वाजवून बघा, लाजू नका, ते लोक थांबतात.