श्रॉपशरची कोकरं आणि प्लॅस्टिकचे कावळे

इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातल्या लडलो गावाला लोक किल्ला बघायला जातात, नाहीतर खायला. मी गेले कावळे मारताना बघायला. ऑफिसात हे सांगितल्यावर निम्म्या लोकांनी नाकं मुरडली आणि उरलेल्यांनी 'फोटो पाठव' म्हणून सांगितलं. फोटो मी काढले नाहीत, म्हणून हे लिहितेय.

बर्मिंगहॅमहून ब्रिजनॉर्थमार्गे निघालं की तास-दीड तासात कॉर्व्हडेल लागतं. एका अंगाला वेनलॉक एजची चुनखडीची लांबच लांब धार, दुसऱ्या अंगाला ब्राउन क्ली. हा श्रॉपशरमधला सगळ्यात उंच डोंगर, पण उंची ५४० मीटर. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाने इथे 'डोंगर' म्हणताना थोडं समजून घ्यावं लागतं! मधल्या खोऱ्यात कॉर्व्ह नदी, दोन्ही बाजूंना झुडपांची कुंपणं घातलेली शेतं. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं माहेर इथलंच. तिच्या वडिलांकडे टेक्सेल जातीच्या मेंढ्या आहेत आणि थोडी बार्ली. एप्रिलचा पहिला आठवडा होता. म्हणजे मेंढ्या व्यायचे दिवस, आणि बार्लीही नुकतीच पेरलेली. कावळ्यांना याहून सोयीचा महिना नाही.

संध्याकाळी पोचल्याबरोबर त्यांनी मला गोठ्यात नेलं. लाल दिव्याखाली पेंढ्यावर एक कोकरू पडलं होतं. आदल्या सकाळी जन्मलेलं, अंगावरची लोकर अजून पिवळट. एक डोळा नव्हता आणि जिभेचा शेंडा तुटलेला होता, दोन्ही कावळ्याचं काम. ते आईच्या कासेला तोंड लावायचं, पण जिभेला पकड येत नव्हती. मैत्रिणीचे वडील नळीने त्याच्या पोटात चीक सोडत होते. आवाज न चढवता ते म्हणाले, "हे जगेल असं नाही. पण जगतंय तोवर पाजायचं."

होतं असं की इथल्या मेंढ्यांना बहुतेक वेळा जुळं होतं. पहिलं कोकरू बाहेर येऊन ओलंचिंब धडपडत असतं, तोवर मेंढी दुसऱ्याच्या कळांनी आडवी झालेली. तेवढी पाच-दहा मिनिटं कावळ्याला पुरतात. उताणी पडून उठता न आलेल्या मेंढीचे डोळेसुद्धा तो सोडत नाही. माझं माहेर फलटणचं. तिथे रानात उतरलेल्या धनगरांकडून लांडग्याच्या गोष्टी ऐकल्यात, कावळ्याची तक्रार कधी ऐकली नव्हती. आमच्या दख्खनी मेंढीला सहसा एकच कोकरू. फलटणच्याच निंबकर संस्थेने सुंदरबनच्या गारोळ मेंढीचं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणलं, त्याचं आम्हाला कोण कौतुक! जुळ्यांना राखण दुप्पट लागते, हे मला श्रॉपशरच्या गोठ्यात उमगलं.

बंदूक मात्र मैत्रिणीच्या वडिलांची नव्हती. त्या कामाला गावातले एक निवृत्त पोस्टमन येतात. पैसे घेत नाहीत, फार तर शरद ऋतूत अर्धं कोकरू घेतात. आयुष्यभर याच रस्त्यांवर पत्रं वाटल्यामुळे कुठल्या झाडावर कोणाचं घरटं आहे हे त्यांना पत्त्यासकट पाठ. सूर्य मावळायच्या आधी तासभर आम्ही फाटकाला टेकून दुर्बिणीतून नुसतं बघत बसलो. कावळे कुठून येतात, कुठल्या ओकवर टेकतात, शेताचा कुठला कोपरा धरतात, परतताना कुठली वाट घेतात. पोस्टमनच्या मते नेम पुष्कळांचा चांगला असतो, हे बघण्याचं काम कोणाला नको असतं.

तिथेच मला रूक आणि कावळा यांतला फरक कळला. रूक हा कावळ्याचाच भाऊबंद, पण थव्याने राहतो, चोचीच्या मुळाशी पांढरट उघडी कातडी असते. इथला कावळा नखशिखांत काळा, आपल्या डोमकावळ्याच्या वळणाचा, आणि बहुधा जोडीने किंवा एकटा. पण घरटं नसलेली तरणी पोरं टोळीने हिंडतात आणि खरा उच्छाद त्यांचाच. कायद्याने रूकही मारता येतो, पण पोस्टमन त्यांना शक्यतो हात लावत नाहीत. रूक बार्ली उपटतो तसे मुळं खाणारे किडेही उपटतो, असा त्यांचा हिशेब.

कायद्याचं थोडं सांगायला हवं, कारण 'कोणीही उठावं आणि पाखरं मारावीत' असं इथे नाही. १९८१च्या कायद्याने सगळ्याच रानपक्ष्यांना संरक्षण आहे. पिकाचं किंवा जनावरांचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी सरकार एक सर्वसाधारण परवाना काढतं, सध्याचा जीएल ४२. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, पण अटी पाळाव्या लागतात. बुजगावणी, आवाज, राखण हे उपाय आधी करायचे, आणि मौज म्हणून मारायचं नाही. बंदुकीसाठी पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं ते वेगळंच. गंमत म्हणजे या परवान्याच्या यादीत आपला पोपटही आहे! तोच लाल कंठाचा, आपल्या पेरूच्या झाडावरचा. तो लंडनच्या बागांतून आता चांगलाच फोफावलाय.

२०१९च्या एप्रिलमध्ये, ऐन कोकरांच्या दिवसांत, 'वाइल्ड जस्टिस' या संस्थेने कायदेशीर आव्हान दिल्यावर जुने परवाने एकाएकी रद्द झाले. शेतकरी खवळले. संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, निसर्गविषयक कार्यक्रम करणारे क्रिस पॅकहॅम, यांच्या घराच्या फाटकाला कोणीतरी मेलेले कावळे टांगले. हा विषय निघाला तेव्हा पोस्टमन ओशाळल्यासारखे झाले. त्यांना तो परवाना हवाच होता, पण फाटकावरचे कावळे नको होते. मला विचाराल तर मारायचं कारण विचारणाऱ्यांनी चूक काही केली नाही. त्या गोठ्यातल्या कोकराकडे बघून कारण सांगणंही फार अवघड नव्हतं.

पहाटे अंधारातच निघालो. मेंढ्या बुजू नयेत म्हणून लपण शेजारच्या बार्लीच्या शेतात, कुंपणाच्या झुडपांना पाठ लावून केलेलं. चार काठ्या, जाळी, वरून तिथल्याच फांद्या खोचलेल्या. वारा पाठीमागून. पाखरं वाऱ्याला सामोरी होऊन उतरतात, म्हणजे आपोआप आपल्याकडे तोंड करून येतात. पुढे वीस-पंचवीस यार्डांवर प्लॅस्टिकचे कावळे मांडले. त्यांच्यावर मखमलीसारखा लेप असतो, कारण दव पडलं की साधं प्लॅस्टिक चमकतं आणि चमकणारा कावळा खऱ्या कावळ्याला पटत नाही. मांडतानाही सारख्या अंतरावर नाहीत. कुठे दोघं जवळ, कुठे एकटाच, मध्ये उतरायला मोकळी जागा, आणि एक खांबावर पहारेकरी म्हणून.

मग पोस्टमननी पिशवीतून तीन-चार खरे, मेलेले कावळे काढले. त्यांची मांडणी त्यांनी सगळ्यात सावकाश केली. पोट जमिनीला, पंख अंगालगत, चोच मातीत टेकलेली, हनुवटीखाली आधाराला काडी. "पंख पसरलेला किंवा उताणा राहिला तर एकही उतरणार नाही," ते म्हणाले. आपल्याकडे शेतात मेलेला कावळा टांगतात तो बाकीच्यांनी पळावं म्हणून. इथे तोच कावळा जेवायला बसवला की बाकीचे येतात!

पहिला आला तो एकटाच, उंचावरून. पोस्टमननी लाकडी शिट्टी हळूच वाजवली, दोन घोगरे सूर, आणि मला म्हणाले, "तोंड खाली ठेवा, गोरं असो की सावळं, त्याला ते लांबूनच दिसतं." कावळ्याने एक गिरकी घेतली, जाळीच्या फटीकडे मान वाकडी केली आणि निघून गेला. त्याने काय पाहिलं देव जाणे. दुसरी जोडी मात्र पंख आवळून सरळ खाली आली. बारा बोअरच्या दुनळीचा आवाज त्या खोऱ्यात केवढा घुमतो! एक पडला, दुसरा वळून ओकच्या मागे. पलीकडच्या मेंढ्यांनी मान वर केली आणि पुन्हा चरायला लागल्या.

मी बंदूक हातात घेतली नाही. घरी दहाव्याला, पितृपक्षात ज्याची वाट बघत सगळे उपाशी ताटकळतात, त्याच्यावर नेम धरणं मला जमलं नसतं. पोस्टमनना हे सांगितलं तर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "आणि तो आलाच नाही तर?" मग दर्भाचा कावळा करतात, असं मी सांगितलं. त्यांना ते इतकं आवडलं की पुढची दहा मिनिटं त्यांचं आकाशाकडे लक्ष नव्हतं.

नऊच्या सुमारास येणं थांबलं. कावळे शहाणे झाले होते, लांबून वळसा घालून जात होते. डझनभरही पडले नव्हते. इंटरनेटवर शंभरेक कावळे रांगेत मांडून काढलेले फोटो असतात, तसलं काही पोस्टमन करत नाहीत. मलाही ते फोटो ओंगळ वाटतात. टोळी चार-सहा दिवस या शेताकडे फिरकली नाही तरी पुष्कळ, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात गोठ्यातली कोकरं जरा पायांत बळ धरतात.

आम्ही रिकामी काडतुसं वेचली, जाळी गुंडाळली. घरी बेकन आणि चहा तयार होता. मी बेकन खात नाही म्हटल्यावर मैत्रिणीच्या आईने अंडी फोडली आणि तेवढ्यात पोस्टमनना दारातच थांबवलं. त्यांच्या हातात पिशवी होती, त्यातले चांगले चार पुढच्या वेळी मांडायला ठेवायचे होते.

"माझ्या फ्रीझरमध्ये नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी मटार समजून मी तेच बाहेर काढले होते."