काका, पासवर्ड बरोबरच होता

आम्ही फोनच्या लाइनवरून डायलअप इंटरनेट देत होतो. जुलैच्या पावसात लोअर परळच्या आमच्या इमारतीत मीटर रूममध्ये पाणी शिरलं आणि वीज गेली. यूपीएस ६:५२ पर्यंत टिकला. त्या क्षणी दोन ई-१ लाइनींच्या (एकावर एकावेळी तीस कॉल) ६० चॅनेलपैकी ५३ वर ग्राहक होते. वीज आल्यावर मोडेम पुन्हा फोन उचलू लागले, नवे ग्राहक आतही येऊ लागले. पण नेमक्या त्या ५३ जणांना विंडोज ९८ च्या डायलरवर ६९१ एरर, म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा.

हेल्पडेस्क प्रत्येकाला पासवर्ड तपासायला सांगत होता, काहींचे तर बदलूनही दिले. मुलुंडच्या एका काकांनी ठणकावलं, "अहो, पासवर्ड सेव्ह केलेला आहे, मी टाइपच करत नाही. चुकेल कसा?" हे वाक्य माझ्यापर्यंत यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर कोणी रेडियसचा, म्हणजे लॉगिन तपासून वापराची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरचा, लॉगही उघडला नव्हता. लॉगमध्ये कारण स्वच्छ होतं: ग्राहक आधीच लॉगिन आहे. डायलर मात्र कुठल्याही नकाराला ६९१ च दाखवतो.

घडलं ते असं. ग्राहकांचे कॉल घेणारं उपकरण, म्हणजे ॲक्सेस सर्व्हर, चालू झाला की रेडियसला 'अकाउंटिंग-ऑन' पाठवतो, म्हणजे माझ्यावरची जुनी सेशन बंद झाली असं समजा. तो दोन-तीन मिनिटांत उठला. रेडियसचं लिनक्स मशीन मात्र तेव्हा अचानक वीज गेल्यामुळे आपली ईएक्सटी-२ फाइलसिस्टमची डिस्क तपासत बसलं होतं. चार वेळा पाठवून उत्तर आलं नाही, तेव्हा ॲक्सेस सर्व्हरने नाद सोडला. रेडियस उठला तेव्हा त्याच्या रॅडयूटीएमपी फाइलमध्ये (आत्ता कोण लाइनवर आहे त्याची यादी) ५३ जण अजून 'लाइनवर' होते, आणि एका खात्यावर एकच लॉगिन ही मर्यादा आम्हीच घातलेली.

आम्ही सिस्ट्रॉन हे रेडियस सॉफ्टवेअर वापरत होतो. अशा वेळी त्याचा चेकरॅड हा प्रोग्रॅम ॲक्सेस सर्व्हरला विचारतो की हा माणूस त्या पोर्टवर खरंच आहे का. पण नासलिस्ट या ॲक्सेस सर्व्हरांच्या यादीच्या फाइलमध्ये आमच्या उपकरणाचा प्रकार 'अदर' लिहिलेला होता. 'अदर' असेल तर तो विचारतच नाही, फाइलवर विश्वास ठेवतो. एका शब्दाची चूक. आम्ही रॅडयूटीएमपी फाइल रिकामी केली आणि पुढच्याच डायलला सगळे आत आले.

दुसऱ्या दिवशी वरून हुकूम आला, सॉफ्टवेअर बदला. विक्रेते आले ते सेकंदाला किती लॉगिन होतात ते सांगत. ६० पोर्ट, सरासरी वीस मिनिटांचं सेशन, म्हणजे मिनिटाला तीन लॉगिन; वेगाचा प्रश्नच नव्हता. शिवाय एका कॉलला मोडेमची शिट्टी संपेपर्यंतच वीस-तीस सेकंद जातात. आम्ही तासांचे पॅक विकत होतो, म्हणून हिशोबाची बाजू तपासायची होती. आम्ही प्रत्येक सॉफ्टवेअरवर तीन गोष्टी करून पाहिल्या: सेशन चालू असताना ॲक्सेस सर्व्हरचा प्लग काढला, डेटाबेस बंद केला आणि एकच 'स्टॉप' पॅकेट, म्हणजे सेशन संपल्याची सूचना, तीनदा पाठवलं.

तिसऱ्या चाचणीतच बरीच सॉफ्टवेअरं पडतात. पोच उशिरा मिळाली की ॲक्सेस सर्व्हर तोच स्टॉप पुन्हा पाठवतो, फक्त विलंबाचा आकडा वाढलेला असतो. डेटाबेसने दोन्ही नोंदवले तर ग्राहकाचे तास दोनदा कापले जातात. नुसत्या सेशन-आयडीवर युनिक की (तीच नोंद दुसऱ्यांदा न घेण्याची अट) लावूनही भागत नाही, कारण काही उपकरणं रीबूटनंतर आयडी पुन्हा एकपासून मोजतात आणि मग आजचा खरा स्टॉप जुना समजून फेकला जातो. आम्ही उपकरणाचा आयपी, युजरनेम, आयडी आणि सुरुवातीची वेळ अशी चौघांची की केली.

तपासलेल्यांपैकी रेडिएटर हे सॉफ्टवेअर मला मनापासून आवडलं: पर्लमध्ये लिहिलेलं, सोर्स हातात, डेटाबेसशी थेट बोलणारं. पण परवान्याचे पैसे मंजूर झाले नाहीत. आमचे जुने पासवर्ड क्रिप्ट केलेले, म्हणजे परत मूळ रूपात न आणता येणारे, त्यामुळे चॅप (लाइनवर पासवर्ड न पाठवता लॉगिन करण्याची पद्धत) कुठल्याच सर्व्हरवर शक्य नव्हतं. त्याला सर्व्हरवर मूळ पासवर्ड लागतो. शेवटी सिस्ट्रॉनच ठेवलं. उपकरणाचा प्रकार नीट लिहिला, नोंदी आधी साध्या डीटेल फाइलमध्ये आणि तिथून स्क्रिप्टने मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये. डेटाबेस पडला तरी फाइल लिहिली जाते. रेडियसचं मशीन ॲक्सेस सर्व्हरच्या आधी उठेल अशी व्यवस्थाही केली.

चेकरॅडला उत्तरच मिळालं नाही तर काय करायचं, यावर आमचं अजून एकमत नाही. माझं म्हणणं, आत घ्या. एका पासवर्डवर दोघे घुसले तर आपले थोडे तास जातील. अडवलं तर प्रामाणिक माणूस बाहेर राहतो.

त्या ५३ सेशनना स्टॉप कधी आलाच नाही. अकाउंट्सचं म्हणणं होतं की सुरुवातीची वेळ आहे, यूपीएस बसल्याची वेळ आहे, तेवढा वेळ कापा. हिशोब बरोबर होता. मी भांडून एकही मिनिट कापू दिलं नाही. लॉगमध्ये त्या काकांचे सात नकार होते. सातही वेळा आमच्या मोडेमने फोन उचलला होता, म्हणजे सात लोकल कॉल त्यांच्या टेलिफोनच्या बिलात लागलेच असणार, आणि ते परत करायची सोय आमच्याकडे नव्हती.