2025 च्या दिवाळीनंतरचं नेपाळ (काठमांडू, पोखरा, मुक्तिनाथ)

सप्टेंबरच्या आंदोलनानंतर नेपाळला जाऊ का नको विचारताय तर जा. ठमेलमध्ये, म्हणजे काठमांडूच्या टुरिस्ट भागात, रात्री उशिरापर्यंत गाणीबजावणी चालू असते, पशुपतिनाथला नेहमीसारखी गर्दी, आपल्याकडची आजीआजोबा मंडळी पण भरपूर दिसली. भीती वाटावी असं काही नाही. पण टॅक्सी सिंहदरबाराच्या (तिथलं सरकारी मुख्यालय) बाजूने गेली ना, तेव्हा गाडीत सगळे एकदम गप्प.

सोशल मीडियावरची बंदी आणि भ्रष्टाचार यावरून 8 सप्टेंबर 2025 ला तिथली तरुण पोरं रस्त्यावर आली, पोलिसांनी गोळ्या घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी संसद, सिंहदरबार, सुप्रीम कोर्ट सगळं पेटलं, पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, एकूण 70 च्या वर माणसं गेली. 12 तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. कोर्ट तर आवारात तंबू टाकून परत सुरू करावं लागलं, यावरून काय ते समजा. आम्ही गेलो तेव्हा राग कोणावर काढायचा हेच लोकांना कळत नव्हतं, जुने नेते नकोत एवढं मात्र पक्कं होतं. हंगामी सरकारकडून फार चमत्काराची अपेक्षा करू नये असं माझं तेव्हा मत होतं.

आता कामाचं. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट नाहीतर ओरिजिनल व्होटर आयडी, आधारवर विसंबू नका. बऱ्याच पोलीस चौक्या पण आंदोलनात जळल्या, त्यामुळे काही हरवलं तर तक्रारीलाच फिरावं लागेल, म्हणून कागदांच्या झेरॉक्स वेगळ्या बॅगेत ठेवा आणि काठमांडूतल्या लैनचौरच्या भारतीय दूतावासाचा नंबर सेव्ह करून ठेवा. आंदोलनाच्या दिवसांत जेलमधून 13 हजारांवर कैदी पळाले होते, सगळे काही सापडलेले नाहीत, तेव्हा रात्री अनोळखी गल्ल्यांत भटकणं टाळा.

आपल्या 100 च्या नोटा सगळीकडे घेतात, 100 ला त्यांचे 160 नेपाळी रुपये. काठमांडू पोखरा 200 किमी आहे पण आम्ही गेलो तेव्हा रस्त्याचं काम चाललं होतं, अख्खा दिवस गेला असं धरूनच चाला. मुक्तिनाथसाठी जोमसोमचं विमान सकाळचंच घ्या, नंतर वारा सुटतो.

5 मार्च 2026 ला निवडणूक होती. मतदानाच्या दिवशी गाड्या बंद असतात आणि त्याआधी बॉर्डर पण सील करतात, उत्तर प्रदेशच्या सुनौली बॉर्डरवरून येणाऱ्यांनी निवडणुकीचा आठवडा सोडूनच बुकिंग करा.