रेंज नंतर, आधी पार्किंग सांगा

‘एका चार्जिंगमध्ये किती जाते हो?’ इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून लिफ्टमध्ये, लग्नात, टायरमध्ये हवा भरतानाही हाच प्रश्न. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. माझी गाडी शहरात युनिटमागे सहा-सात किलोमीटर जाते. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर झाले, तर पाच-सहा युनिटं. ३.३ किलोवॅटच्या घरगुती चार्जिंगवर ती दोन तासांत भरून निघतात. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर. घाट चढताना बॅटरी भराभर उतरते, उतरताना थोडी परत मिळते. रेंजचं एवढंच.

मी उलट विचारतो, तुमची गाडी रात्री उभी कुठे असते? घोडं तिथेच पेंड खातं.

जुन्या सोसायटीत मीटर रूमपासून आपल्या पार्किंगपर्यंत केबल न्यायची तर आधी एनओसी. विजेचं बिल माझ्याच मीटरवर येणार असलं, तरी केबल सामायिक भिंतीवरून जाणार ना! केंद्राच्या जानेवारी २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. तो कागद घेऊन सोसायटीच्या कमिटीकडे गेलो, तरी उत्तर एकच: ‘उद्या सगळ्यांनी मागितलं तर?’

चिडचिड झाली, पण प्रश्न खोटा नाही. ७.२ किलोवॅटचे वीस चार्जर एकदम चालू झाले तर १४४ किलोवॅट. जुन्या इमारतीचा मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने एका वेळी वापरायला मंजूर केलेली वीज, एवढा नसतो. गाड्या आळीपाळीने चार्ज करणारी यंत्रणा मिळते. पण तिचे पैसे पेट्रोलवाल्यांनीही द्यायचे का, यावर वार्षिक सभा संपते आणि विषय पुढच्या वर्षावर जातो.

१ ऑगस्ट २०१९पासून या गाड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. चांगलंच झालं, पण त्याने शोरूममधली किंमत उतरली. केबलचं घोंगडं भिजतच राहिलं. त्याच वर्षी केंद्राच्या आदर्श इमारत उपविधींत, म्हणजे बांधकामाच्या नमुना नियमांत, चार्जिंगची तरतूद आली, तीही नव्या बांधकामांसाठी. सदाशिव पेठेत रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्याने काय करायचं? त्याला सार्वजनिक चार्जर, म्हणजे घरच्यापेक्षा महाग वीज, प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप, आणि प्लगसमोर कुणाची तरी पेट्रोल गाडी.

तेव्हा शोरूमच्या आधी सेक्रेटरींना भेटा, मंजूर भार विचारा, इलेक्ट्रिशियनकडून केबलचं अंतर मोजून घ्या. आणि पार्किंग दरवर्षी चिठ्ठ्या टाकून बदलत असेल, तर मी तरी तुम्हाला आज ‘घ्या’ म्हणणार नाही.